जिन्यातल्या खिडकीतली बॅटरी

मंगळवार, ३ मार्च

आज सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, अवजारांच्या दुकानात, काउंटरच्या अलीकडे मी आणि पलीकडे दुकानदार उभा असताना, माझी फसवणूक झाली.

तारीख आणि वेळ आधी लिहिली, कारण कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला तशीच सवय लावली होती. रडत आलेल्या मुलीला सिस्टर आधी घड्याळाकडे बघायला लावायच्या. "केव्हा झालं? कुठे झालं? पूर्ण वाक्यात सांग." निम्म्या मुलींचं रडं तिथेच ओसरायचं. मी रडत नसे. मला राग यायचा, आणि तो पूर्ण वाक्यात यायचा.

तर पूर्ण वाक्यात. माझ्याकडे जांभळ्या कंपनीचं बिनवायरचं ड्रिल आणि करवत आहे. त्याच कंपनीचं सँडर, म्हणजे लाकूड घासायचं यंत्र, आणि स्क्रू पिळायचं यंत्र धाकटीकडे आहे. धाकटी म्हणजे माझी जाऊ. ती समोरच्या दारात राहते. आमचे हे आणि माझे दीर मिळून फर्निचर दुरुस्तीचा कारखाना चालवायचे. दोघे भाऊ एकामागोमाग एक गेले, कारखाना विकला, हत्यारं आम्ही दोघींनी वाटून घेतली. बॅटऱ्या दोनच होत्या आणि चार्जर एक. चार्जर माझ्या ओट्यावर. बॅटरी कुठल्याही हत्याराला चालते, हेच तर त्या कंपनीचं मोठेपण होतं. "एकदा आमची बॅटरी घेतलीत की जन्मभर दुसरीकडे बघायचं काम नाही," असं त्यांचा विक्रेता कारखान्यात येऊन सांगून गेला होता. ह्यांनी विश्वास ठेवला. मी ठेवला. गल्लीतल्या चार घरांना मी ही कंपनी घ्यायला लावली.

काल माझी बॅटरी फुगली आणि मेली. आज नवी आणायला गेले.

दुकानदाराने नवी काढली. रंग तोच, नाव तेच, वजन तेच. ड्रिलमध्ये बसेना.

"मॅडम, हे नवीन डिझाइन आहे. जुनी बंद झाली."

"बंद झाली म्हणजे? कोणी केली?"

"कंपनीने."

"का?"

"आता ते कंपनीलाच माहीत. तुम्ही असं करा, जुनं ड्रिल द्या, एक्सचेंजमध्ये नवीन घ्या. मस्त स्कीम आहे."

"माझं ड्रिल चांगलं आहे. चांगली वस्तू देऊन तीच वस्तू परत घ्यायची, याला तुम्ही स्कीम म्हणता. आम्ही दुसरा शब्द वापरतो."

मागे रांगेत उभा असलेला एक माणूस हसला. मी त्याच्याकडे बघितल्यावर थांबला.

घरी येऊन पाकिटातलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. जांभळं आहे. त्यावर लिहिलंय: निष्ठावान ग्राहक.


बुधवार, ४ मार्च

कंपनीला फोन केला. आधी गाणं वाजलं. मग एक मुलगी आली. गोड आवाजाची. तिचा काही दोष नाही, पण तिला पगार त्या गोडव्याचाच मिळतो.

"मॅडम, तुम्ही आमच्या परिवाराच्या सदस्य आहात."

"मग घरच्या माणसाशी असं वागतात का तुमच्यात?"

"मॅडम, तंत्रज्ञान पुढे गेलं आहे."

"मुली, तंत्रज्ञान जागेवरच आहे. जुनी बॅटरी अठरा व्होल्टची आणि नवीही अठरा व्होल्टची. माझं सगळं आयुष्य पाणीपुरवठ्याच्या तक्रार विभागात गेलं, शेवटी मी विभागप्रमुख होते. तोटी बिघडली तर अख्खा नळ बदला, असं मीही लोकांना कधी सांगितलं नाही."

"मी तुमची तक्रार योग्य विभागाकडे पाठवते."

"योग्य विभाग कुठल्या मजल्यावर आहे?"

ती म्हणाली, "मॅडम, मी घरूनच काम करते."

फोन ठेवल्यावर लेकीचा फोन आला. ती दूर असते, रविवारी करायची तो आज केला. मी सगळं सांगितलं. तिचं मध्येच, "आई, घे ना नवीन सेट. आणि काकू कशी आहे?"

"मी बॅटरीबद्दल बोलतेय."

"हो गं. काकू कशी आहे?"

मला काय माहीत काकू कशी आहे. सहा वर्षांत आम्ही बोललेलो नाही, हे तिला ठाऊक आहे. मुद्दाम विचारते.


शुक्रवार, ६ मार्च

काल ह्यांचं मोजमापाचं साधन काढलं आणि दुकानात जाऊन नवी बॅटरी काउंटरवरच मोजली. दुकानदार बघत राहिला. फरक एवढाच, की खाचेत सरकणारी एक प्लास्टिकची कड तीन मिलिमीटर बाजूला सरकवली आहे. आत सगळं तेच. तीन मिलिमीटर सरकवायला कोणीतरी खुर्चीत बसून, चहा पिऊन, सही केली असणार. कंपनीला सविस्तर पत्र लिहिलं. रजिस्टर्ड पोस्टाने गेलं.

आता उरलेल्या बॅटरीबद्दल. पुढे कोणी विचारलं तर नोंद असावी म्हणून लिहिते.

आमच्या जिन्याच्या माथ्यावर दोन दारं आहेत, माझं आणि धाकटीचं. सासऱ्यांनीच घराचे दोन भाग करून ठेवले होते. दोन दारांच्या मध्ये एक खिडकी. बॅटरी उतरली की धाकटी ती खिडकीत ठेवते. मी आत नेऊन चार्ज करते आणि परत खिडकीत ठेवते. ती कधीतरी उचलून नेते. एवढाच आमचा व्यवहार. पूर्वी ती स्वतः घेऊन यायची आणि बॅटरी चढेपर्यंत स्वयंपाकघरात बसून डोकं खायची. सासूबाई गेल्या त्या आठवड्यात भांडण झालं, तेव्हापासून खिडकी.

भांडण म्हणजे माझ्याकडून भांडण नव्हतंच. सासूबाईंच्या वस्तू कोणाला काय द्यायच्या, याचं बोलणं चाललं होतं. नातेवाईक बसले होते. कोणीतरी म्हणालं, धाकटीलाही विचारा. मी म्हणाले, "तिला काय विचारायचं, ती मागाहून आलेली." ही वस्तुस्थिती आहे. ती माझ्यानंतर सात वर्षांनी या घरात आली. खोटं काही बोलले नाही. ती उठून गेली. तिसऱ्या दिवशी तिची बॅटरी माझ्या चार्जरवर भरून पडलेली दिसली, माझ्या ओट्यावर ती काय करायची, म्हणून मी खिडकीत नेऊन ठेवली. संध्याकाळपर्यंत ती गेलेली होती. म्हणजे गरज होती की नाही? मग एवढं उठून जायचं काय कारण होतं?

तर काल तिची बॅटरी, म्हणजे आता घरातली एकुलती एक, रिकामी होऊन खिडकीत आली. मी चार्ज केली. परत ठेवली नाही. जिन्याचा कठडा सैल झाला आहे, वरची लाकडी पट्टी हलते, ती घट्ट करायची आहे. कठडा दोघींचा आहे. चार्जर माझा आहे. मी काही चोरी केलेली नाही.

ही बॅटरीही म्हातारी झाली आहे. दोन भोकं पाडली आणि दमली. परत लावली आहे.

भिंतीपलीकडून दुपारी सँडरचा आवाज येतो, रोजचा. आज आला नाही. बरं झालं, डोकं शांत. वाचायला बसले होते, पण वाचन काही झालं नाही.


सोमवार, ९ मार्च

आवाज नाही. चौथा दिवस.

सकाळी टपालवाला धाकटीचं काहीतरी घेऊन आला. ती दारात उभी राहून त्याच्याशी बोलत होती. तिचा आवाज टपालवाल्याला पुरेल त्याच्या दुप्पट मोठा होता.

"जपून उतरा हं. कठडा हलतो. दुरुस्त करणारे घरातच आहेत म्हणा, पण त्यांनी बॅटऱ्या कुलपात ठेवल्यात."

मी दार उघडलं. धाकटीकडे बघितलं नाही. टपालवाल्याला म्हणाले, "अहो, बॅटरी कुलपात नाही, चार्जरवर आहे. चार्जर ज्याच्या घरी असतो त्याच्याच घरी बॅटरी चढते. हे ज्यांना समजत नाही त्यांनी विज्ञानाचं पुस्तक बघावं."

"मी विज्ञानाचं नाही म्हणाले," ती टपालवाल्याला म्हणाली, "मी मनाचं म्हणाले."

"मनाचं काय?" मी टपालवाल्याला विचारलं.

"मला सही हवी आहे फक्त," टपालवाला म्हणाला.

धाकटीने सही केली. एका गुडघ्यावर भार देत नाही ती हल्ली, चौकटीला धरून उभी होती. वजन वाढवून ठेवलंय, दुसरं काय.


बुधवार, ११ मार्च



कचऱ्याच्या डब्याशेजारी रिकामा खोका. दुसऱ्या कंपनीचा. धाकटीने नवा सेट घेतला. सँडर, स्क्रूचं यंत्र, दोन बॅटऱ्या, चार्जर, सगळं खोक्यावर छापलंय. आणि रंग कुठला? पांढरा. लाकडाच्या भुशात पांढरं हत्यार! ऑपरेशन करायचंय का बाईंना?

मी कंपनीशी एकटीने लढतेय. पत्र माझं, फोन माझा, दुकानात अपमान माझा. जांभळी बॅटरी फक्त माझी नव्हती, या घराची होती. ह्यांनी आणि भावजींनी मिळून निवडली होती. आणि ही एक शब्द न बोलता दुसऱ्या कंपनीच्या दारात जाऊन उभी राहिली. निष्ठा म्हणून काही असतं की नाही? कंपनीने दगा दिला तो निदान परका होता.

दुपारी आवाज आला. नवा. बारीक, तोऱ्यातला. जुन्या सँडरला घरघर होती. मी दोन तास ऐकत बसले. आता तिला खिडकीची गरज नाही.


शनिवार, १४ मार्च

काल नवी जांभळी बॅटरी विकत आणली. हो, आणली; धाकटीची ती जुनी आता चढतच नाही. दुकानदाराने विचारलं, "मॅडम, ड्रिल नवीन घेतलंत का?" मी म्हणाले, "तुम्ही पिशवी द्या."

आज ह्यांची कानस काढली. बॅटरी पकडीत धरली आणि ती सरकवलेली कड घासून काढली. प्लास्टिकची पांढरी भुकटी मांडीवर. ज्या साहेबाने चहा पिऊन सही केली त्याची सही मी अर्ध्या तासात कानशीने पुसली. मग बॅटरी ड्रिलमध्ये सरकवली. खट् झालं. बटण दाबलं आणि ड्रिल असं ओरडलं की खालच्या गल्लीतल्या कुत्र्याने उत्तर दिलं.

मग कठडा धरला. पट्टी मोकळी केली, नवी भोकं पाडली, जाड स्क्रू बसवले. जिना चढताना हात जिथे टेकतो तिथे आधी. गुडघा दुखणारं माणूस तिथेच जोर देतं, हे मी सगळ्यांच्या बाबतीत म्हणते. काम इतकं भराभर चाललं होतं की मला ह्यांची आठवण झाली आणि मग माझाच राग आला, कारण आठवणीत स्क्रू हातातून पडला.

शेवटचे दोन स्क्रू राहिले तेव्हा बॅटरी उतरली. हरकत नाही, म्हटलं, तासाभरात चढेल. चार्जरवर ठेवली.

चार्जरचा लाल दिवा आणि हिरवा दिवा आळीपाळीने लुकलुकायला लागले. याचा अर्थ पुस्तिकेत दिलाय: ही बॅटरी या चार्जरची नाही.

मी चार्जरचा विचार केला नव्हता. कड मोजली, व्होल्ट मोजले, कंपनीचा कावा मोजला. रिकामी झालेली बॅटरी भरावी लागते, हे विसरले. बॅटऱ्या भरणं हे सहा वर्षं जिचं काम आहे ती बाई विसरली.

हे लेकीला सांगणार नाही.


रविवार, १५ मार्च

सकाळी दूध घ्यायला बाहेर आले तर कठड्याचे उरलेले दोन स्क्रू बसवलेले होते. एक तिरका. आणि सगळी पट्टी वरपासून खालपर्यंत घासलेली. हात फिरवला. एक कुसळ नाही.

मी काम अर्धवट सोडलं, असं आता कोणीही म्हणेल. मी कोणाला सांगितलं होतं का? काल दुपारीच केलं असणार, मी जरा डोळा लावला तेव्हा. म्हणजे माझ्या झोपेवरही लक्ष.

तिरका स्क्रू काढून परत बसवायला हवा. पण माझ्याकडे बॅटरी नाही, आणि आहे ती उतरलेली आहे. तसाच राहू दे. ज्याने बसवला त्याला दिसत राहू दे.


मंगळवार, १७ मार्च

आजचा प्रकार मला कळलेला नाही, म्हणून जसा घडला तसा लिहिते.

सकाळी खिडकीत बॅटरी होती. पांढरी. आधी वाटलं, विसरली. मग बघितलं तर नेहमीसारखीच ठेवलेली, कोपऱ्यात, भिंतीला टेकवून, तोंड माझ्या दाराकडे. बाजूचं बटण दाबलं. एकच दिवा लागला. रिकामी आहे.

पांढरी बॅटरी माझ्या चार्जरवर बसत नाही. आकार वेगळा, कंपनी वेगळी, सगळंच वेगळं. तरी खात्री करून घेतली. नाही बसत. आणि तिच्या खोक्यात चार्जर होता, मी छापलेलं वाचलंय. मग माझ्याकडे काय म्हणून? हिला एवढंही कळत नाही? की टोमणा आहे? टोमणा असेल तर त्याला उत्तर देईन, पण आधी तो टोमणा आहे हे नक्की व्हायला हवं.

परत खिडकीत ठेवली. आधी कोरड्या फडक्याने पुसली, भुसा होता.


गुरुवार, १९ मार्च

अजून तिथेच आहे.


शनिवार, २१ मार्च

दुकानात गेले होते. घासलेली बॅटरी परत करायला. दुकानदाराने ती उलटसुलट केली.

"मॅडम, कानस मारलीत?"

"कंपनीने कड सरकवली, मी परत जागेवर आणली."

"आता वॉरंटी गेली हो."

"निष्ठा गेली तेव्हा वॉरंटी शिल्लक होती का?"

तो हसला. माणूस वाईट नाही. म्हणाला, "तुमच्या जाऊबाई हुशार निघाल्या. पटकन दुसऱ्या कंपनीचं घेऊन गेल्या. आम्ही त्यांनाही एक्सचेंज दिलं. जुना चार्जर दिला त्यांनी."

"तिच्याकडे चार्जर नाही. चार्जर माझ्याकडे आहे."

"आहे ना. म्हणजे होता." त्याने काउंटरखालून खोकं काढलं. जांभळं. आमच्याच जुन्या बॅटरीचा चार्जर. वरचं प्लास्टिक फाडलेलंसुद्धा नव्हतं. "बघा, सीलबंद. इतकी वर्षं वापरलाच नाही म्हणाल्या. मीच विकलाय, आमच्या दुकानाची चिठ्ठी आहे बघा."

चिठ्ठीवर तारीख होती. सहा वर्षांपूर्वीची. ती तारीख मला पाठ आहे. भांडणाचा दुसरा दिवस.

म्हणजे काय झालं, ते पूर्ण वाक्यात लिहिते. भांडण झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी बाईसाहेब पायात चप्पल घालून दुकानात गेल्या आणि स्वतःचा वेगळा चार्जर घेऊन आल्या. आमच्याशी संबंध तोडायची पूर्ण तयारी! आणि तिसऱ्या दिवशी मी खिडकीत बॅटरी ठेवली. आणि त्यानंतर सहा वर्षं घरात सीलबंद चार्जर असताना ती रिकामी बॅटरी माझ्या खिडकीत ठेवत राहिली, आणि मी ती उचलत राहिले, भरत राहिले, फडक्याने पुसून परत ठेवत राहिले. पावसात, थंडीत, माझं डोकं दुखत असताना, मला ताप असताना. माझी वीज. माझी पायपीट.

इतका संताप मला कंपनीचाही आला नव्हता. दुकानात उभ्या उभ्या कान गरम झाले.

दुकानदार म्हणाला, "बसा मॅडम, पाणी देऊ?"

"नको. तो चार्जर मला द्या."

"तुम्हाला आता काय उपयोग त्याचा?"

"तो तुमचा प्रश्न नाही."

घरी घेऊन आले. टेबलावर ठेवला आहे. प्लास्टिक मीही फाडलेलं नाही. मला ते जमत नाहीये, म्हणजे इच्छा नाहीये.

प्रश्न एवढाच आहे: उघडला का नाही?


सोमवार, २३ मार्च

कंपनीचं उत्तर आलं. टपालवाला म्हणाला, "मॅडम, आज समोरच्यांचं काही नाही, फक्त तुमचं." मी म्हणाले, "हळू बोला. ऐकू जातं." तो म्हणाला, "म्हणूनच."

पत्रात तीन परिच्छेद. आपल्या निष्ठेची आम्ही कदर करतो. आपल्या सूचनेची योग्य ती दखल घेण्यात आली आहे. भविष्यात अशा ग्राहकांसाठी जोडणी उपलब्ध करून देण्याचा विचार आहे.

हा तिसरा परिच्छेद मी स्वतः नोकरीत असताना शेकडो वेळा लिहिलाय. नळाला पाणी नाही म्हणणाऱ्याला 'विचार आहे' लिहायचं, म्हणजे फाइल बंद. शब्दसुद्धा तेच. मला उत्तर वाचताना आपलीच सही खाली असल्यासारखं झालं. फरक एक. आम्ही सात दिवसांत उत्तर द्यायचो. यांना दोन आठवड्यांहून जास्त लागले.

सोबत निष्ठेची खूण म्हणून किल्ल्यांची साखळी पाठवली आहे. तिला छोटी बॅटरी लोंबते. नव्या आकाराची.

साखळी कचऱ्यात टाकली. मग बाहेर काढली. कचऱ्याचं वर्गीकरण करावं लागतं, यात प्लास्टिक आणि धातू दोन्ही आहे.

कंपनीला परत लिहिणार नाही. जिथून खरं उत्तर येणार नाही हे पहिल्या ओळीत कळतं, तिथे दुसरं पत्र लिहिणं म्हणजे कागदाचा अपमान. विभागप्रमुख असताना मी कनिष्ठांना एकच गोष्ट शिकवली होती: प्रश्न त्यालाच विचारा ज्याच्याकडे उत्तर आहे.

दुपारी भिंतीपलीकडे आवाज नव्हता. म्हणजे तिची दुसरीही बॅटरी उतरली असणार. चार्जर घरात असताना. मूर्खपणाचा कळस आहे.

जाऊन खिडकीत बघितलं. हो. आता दोन आहेत. शेजारी शेजारी.


मंगळवार, २४ मार्च

सकाळी आठ वाजता पुढील पत्र दोन प्रतींत लिहिलं. एक प्रत इथे उतरवून ठेवते, दुसरी पांढऱ्या बॅटऱ्यांखाली दाबून ठेवली आहे. शाई चांगली वापरली आहे.

प्रति, धाकटी, समोरचं दार.

विषय: सीलबंद चार्जर आणि दोन रिकाम्या बॅटऱ्या.

माझ्या असं निदर्शनास आलं आहे, की तुझ्याकडे सहा वर्षांपासून स्वतःचा चार्जर होता. तो तू कधी विकत घेतलास हेही मला माहीत आहे. तो का घेतलास, हे मी विचारत नाही, कारण ते मला कळतं. तो उघडला का नाहीस, हे विचारते, कारण ते मला कळत नाही. 'सहज', 'राहून गेलं' आणि 'तुम्हाला काय करायचंय' ही उत्तरं ग्राह्य धरली जाणार नाहीत.

दुसरं. पांढरी बॅटरी माझ्या चार्जरवर बसत नाही, हे तू ती खिडकीत ठेवतानाही तुला ठाऊक होतं. तरी ठेवलीस. आता दोन ठेवल्यास. यामागचा हेतू स्पष्ट शब्दांत कळवावा.

तिसरं. कठड्याचा शेवटून दुसरा स्क्रू तिरका आहे. तो तू बसवलास, म्हणून सरळही तूच करायचास. मी पट्टी धरून उभी राहीन. एकटीने होणारं काम नाही ते.

चौथं. कठड्याला रंग द्यायचा आहे. तो कुठला असावा, हे तुला विचारायचं राहिलं. जांभळा आणि पांढरा सोडून कुठलाही लिही. तुझं उत्तर आल्याशिवाय मी डबा आणणार नाही.

उत्तर लेखी हवं. खिडकीत ठेवू नये, तिथे वारा असतो. दार वाजवून माझ्या हातात द्यावं. सोबत पांढऱ्या बॅटऱ्यांचा चार्जर घेऊन यावं. माझ्या ओट्यावर जुन्या चार्जरशेजारी एक प्लग मोकळा आहे, आणि बॅटरी चढायला तास लागतो, तेवढा वेळ बसायला खुर्ची आहे. जिना उतरायचा नाहीये, त्यामुळे गुडघ्याचं निमित्त चालणार नाही.

मुदत शनिवार, २८ मार्च, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत. चहा पाचला होतो आणि थांबत नाही. लेखी उत्तर त्याआधी मिळावं.